प्रकल्प नोंदी : सोफी, 2018 आणि सर्वनामाचा रकाना

15 जून 2025, रविवार

काम पक्कं झालं. दिवाळी अंकासाठी लेख, 2000 शब्द, जुलैअखेर द्यायचा. विषय माझाच : इलेक्ट्रॉनिक पॉप बनवणाऱ्या स्कॉटिश सोफीच्या पहिल्या अल्बमचं समीक्षकांनी काय केलं. संपादकबाईंनी फोनवर तीनदा विचारलं, "अगं, पण सोफी कोण?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "ताई, 2015 मधलं मॅडोनाचं एक गाणं ज्यांनी मिळून केलं, त्यांच्यातलं एक नाव." मॅडोनावर गाडी पुढे सरकली. ते नाणं अजून चालतं.

योगायोग असा की आजच अल्बमला सात वर्षं झाली. 15 जून 2018. नाव 'ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इनसाइड्स'. नऊ गाणी, चाळीसेक मिनिटं. नाव अर्थहीन वाटतं, पण ते भरभर म्हणायचं असतं. 'आय लव्ह एव्हरी पर्सन्स इनसाइड्स', म्हणजे माणसामाणसाच्या आतलं जे काही आहे ते मला आवडतं, असं ऐकू येतं. गंमत म्हणजे रोमन लिपीत ही कोटी नीट लपते आणि देवनागरीत अर्धी उघडी पडते. आपली लिपी आवाज लिहिते ना.

दुसरीकडे मात्र आपली लिपी उणी पडते. सोफी हे नाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे. आपल्याकडे मोठी अक्षरं नाहीत. सोडून दिलं.

कामाची पद्धत : तीन ढीग करायचे. 2013 ते 2016 मधलं लेखन एका ढिगात, 2018 ची परीक्षणं दुसऱ्यात, 2021 नंतरचं तिसऱ्यात. दिवसा स्टुडिओत मालिकांच्या डबिंगचं आवाजाचं काम असतंच, त्यामुळे हे सगळं रात्री साडेनऊनंतर.

18 जून

तक्ता उघडला. रकाने : तारीख, कुठे छापलं, कोणी लिहिलं, गुण किंवा तारे, आवाजाचं वर्णन करायला वापरलेले शब्द. बस. सध्या एवढंच.

तारखांची उतरंड आधी लावून घेतली, म्हणजे नंतर घोळ नको. जन्म ग्लासगोत, 17 सप्टेंबर 1986. पहिलं प्रकाशन 2013 च्या सुरुवातीला. त्याच वर्षी जूनमध्ये ग्लासगोच्याच नंबर्स या लेबलवर 'बिप', आणि तिथून नाव पसरलं. ऑगस्ट 2014 मध्ये 'लेमनेड' आणि 'हार्ड'. नोव्हेंबर 2015 मध्ये 'प्रॉडक्ट' : तोवरची चार गाणी, चार नवी. 'प्रॉडक्ट' नुसतं तबकडी म्हणून विकलं नाही. त्याच्यासोबत फुगीर जाकीट होतं, जाड तळव्याचे बूट होते, चष्मा होता आणि एक सिलिकॉनची वस्तू होती, जिचा उपयोग संपादकबाईंना सांगायची जबाबदारी मी घेणार नाही.

म्हणजे 2018 मध्ये ज्याला सगळ्यांनी 'पदार्पण' म्हटलं, त्याच्या आधी पाच वर्षांचं काम बाजारात होतं. पदार्पणाचा अर्थ इथे जरा वेगळा घ्यावा लागणार.

22 जून, रविवार

पहिला ढीग वाचून संपवला. डोकं दुखतंय.

सोफी त्या काळात तोंड दाखवत नसे. फोटो नाही. मुलाखत द्यायची तर आवाज बदलून. 2014 मध्ये एका चित्रीत कार्यक्रमात मंचावर एक ड्रॅग कलाकार डीजे असल्याचा अभिनय करत उभा होता आणि खुद्द सोफी बाजूला अंगरक्षकाच्या वेशात! मला हा किस्सा फार आवडतो. आपल्याकडे दशावतारात पुरुष स्त्रीपार्टी होतो तेव्हा प्रेक्षकाला निदान माहीत असतं. इथे प्रेक्षकाला काय पाहतोय तेच ठाऊक नव्हतं, आणि फसवलं गेल्याचा राग पुढे बऱ्याच लेखांत उतरलेला दिसतो.

राग असा की हे सगळे गोरे तरुण पुरुष निर्माते, बायकी नाव घेतात, बायकांचे आवाज वर चढवून बाहुल्यांसारखे करतात, आणि त्यावर मिरवतात. सोफी, निर्माता ए. जी. कुक आणि लंडनचं पीसी म्युझिक हे लेबल, सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं गेलं. 2014 मध्ये अशी चर्चा इंग्रजी संगीत-पत्रकारितेत गाजत होती. 'स्त्रीत्वाची उचलेगिरी' असा साधारण आरोप. आणि या सगळ्या लेखनात सोफी म्हणजे 'तो'. बिनधास्त 'तो'. कोणालाही ठाऊक नव्हतं, पण शंकाही कोणाला आली नाही.

तक्त्यात नवा रकाना घातला : सर्वनाम.

याच ढिगात ब्रिटिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचं 'व्रूम व्रूम'. फेब्रुवारी 2016, चार गाणी, निर्मिती सोफीची. पिचफोर्क या अमेरिकन संगीत-संकेतस्थळाने 10 पैकी 4.5 दिले. हा आकडा पिवळा करून ठेवला, तो पुढे लागणार आहे.

आता माझं स्वतःचं. 2014 मध्ये 'लेमनेड' मला एका सहकाऱ्याने हेडफोनवर ऐकवलं होतं. सोड्याचे बुडबुडे फुटावेत तसे आवाज, वर एक किनरा आवाज, दोन मिनिटांत खेळ खलास. मी म्हटलं होतं, "हे गाणं नाही, हे पॅकिंग आहे." पुढच्या वर्षी तेच गाणं अमेरिकेत मॅकडोनल्ड्सच्या जाहिरातीत वाजलं, तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. हे लेखात घालायचं की नाही ते नंतर बघू. घालावं लागेल बहुतेक. मी दुसऱ्यांचे रकाने भरतेय आणि माझा मोकळा ठेवतेय हे बरं दिसत नाही.

25 जून

पाऊस. संध्याकाळी सातला गेलेली वीज रात्री एकला आली. काम शून्य.

29 जून

दुसरा ढीग. खरा विषय.

त्याआधी 19 ऑक्टोबर 2017 ची नोंद करायला हवी, कारण परीक्षणं तिथूनच सुरू होतात. 'इट्स ओके टु क्राय' या गाण्याचा व्हिडिओ. सोफीचा स्वतःचा चेहरा, स्वतःचा आवाज, दोन्ही पहिल्यांदाच. मागे आभाळ बदलत जातं, शेवटी वादळ आणि पाऊस. चौकटीत फक्त छातीपासून वरचा भाग. आपण ट्रान्स स्त्री आहोत हे त्या सुमारास सोफीने मोकळेपणाने सांगितलं, आणि इतक्या वर्षांचा 'तो' एका रात्रीत खोटा ठरला. उचलेगिरीचा आरोप ज्यावर उभा होता ती फळीच निघाली.

आठ महिन्यांनी अल्बम. त्याचं स्वागत जोरात. पिचफोर्कवर सॅशा गेफेन यांचं परीक्षण, 8.6 गुण, वर 'बेस्ट न्यू म्युझिक'चा शिक्का. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर आकडा 80 च्या वर. वर्षअखेरच्या याद्यांतही तो होता. मग ग्रॅमीचं नामांकन, सर्वोत्कृष्ट डान्स अथवा इलेक्ट्रॉनिक अल्बमसाठी. 10 फेब्रुवारी 2019 ला तो पुरस्कार फ्रान्सच्या जस्टिस या जोडीला 'वुमन वर्ल्डवाइड' अल्बमसाठी मिळाला. नावातली ही गंमत माझी नाही, वस्तुस्थितीची आहे.

(उघडपणे ट्रान्स असलेल्या कलाकारांना त्या वर्षी जी नामांकनं मिळाली त्यांची बातमी झाली होती. पण अमेरिकन ट्रान्स संगीतकार वेंडी कार्लोस यांना मूग सिंथेसायझरवर वाजवलेल्या बाखच्या तबकडीसाठी 1970 मध्येच तीन ग्रॅमी मिळाले होते. तेव्हा जगाला त्यांचं जुनं नाव माहीत होतं. खरं त्यांनी 1979 मध्ये जाहीर सांगितलं. इलेक्ट्रॉनिक संगीतात हे नाव बदलणं, आवाज बदलणं, पडद्यामागून वाजवणं अगदी पायापासून आहे. यावर वेगळा लेख होईल. इथे नको, पसरेल.)

परीक्षणं ओळीने वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. 2018 च्या लेखांत आवाजाबद्दल जे विशेषण कौतुकाचं आहे, तेच 2014 मध्ये तक्रारीचं होतं. कृत्रिम. प्लास्टिक. चकचकीत. फुगवलेलं. चार वर्षांपूर्वी 'कृत्रिम' म्हणजे खोटं, आता 'कृत्रिम' म्हणजे स्वतःला स्वतः घडवण्याचं स्वातंत्र्य. शब्द तोच, मान डोलावण्याची दिशा उलट. आणि मध्ये बदललं काय? यंत्र तेच. हात तेच. अल्बममधलं 'पोनीबॉय' तर 'हार्ड'चं धाकटं भावंड शोभेल इतकं सारखं आहे, तोच लोखंडी ठोका, तेच चेंबटलेलं शब्दांचं भरड. फक्त चेहरा कळला होता.

मग मंडळींनी अल्बमचं परीक्षण केलं की चेहऱ्याचं? लेखाचा कणा हाच. लिहून ठेवते, नाहीतर सकाळी विसरेन.

6 जुलै, आषाढी एकादशी

स्टुडिओ बंद होता, चावी माझ्याकडे. दिवसभर एकटीने प्रयोग.

कारण असं की जवळजवळ प्रत्येक परीक्षणात लॅटेक्स, रबर, फुगा, धातू असे शब्द येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की सोफीने फुगे घासून ध्वनिमुद्रण केलं. तसं नाही. हे आवाज नमुने उचलून केलेले नाहीत. एलेक्ट्रॉन या स्वीडिश कंपनीचं मोनोमशीन नावाचं यंत्र, त्यात मूळ लहर घ्यायची आणि वस्तूचा आवाज शून्यातून बांधायचा. मुलाखतींमध्ये सोफीने हे वारंवार सांगितलेलं आहे.

मला दोन्ही करून बघायचं होतं. आधी खरा फुगा. कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांचे फुगे आणले, एक फुगवला, बोट ओलं करून घासलं. कर्रर्र, मग चुईंईं. रबर बोटाला धरतं आणि सोडतं, धरतं आणि सोडतं, तो तो आवाज. रेकॉर्ड करून ऐकला. फुगा आहे हे कळतं, पण त्याच्यासोबत खोली पण येते. भिंतीवरून परत आलेला आवाज, माझ्या श्वासाचा एक तुकडा, माइकपासून बोटाचं अंतर. कान हे सगळं आपोआप मोजतो.

मग संगणकावरच्या सिंथमध्ये. सोपा आवाज आधी : बुडबुडा. साधी साइन लहर घेतली, तिची पट्टी झर्रकन वर जाईल असं लावलं, आणि आवाज वीतभर सुद्धा लांबू दिला नाही, सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. डुबुक! हंड्यात थेंब पडला. तोच नियम उलटा केला, पट्टी वरून खाली पाडली, थोडा वेळ लांबवला, की ढोलाचा ठोका झाला. म्हणजे 'लेमनेड'चा बुडबुडा आणि त्याखालचा ठोका एकाच आईची लेकरं आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी ज्याला पॅकिंग म्हटलं ते हे.

फुग्याला मात्र दोन तास गेले. करवतीच्या दातांसारखी लहर, तिच्यावर घट्ट फिल्टर, पट्टी अडखळत वर चढवायची. दुपारी तीनच्या सुमाराला जमलं. जमलं म्हणजे काय, तर अंगावर काटा आला. फुगा होता, पण खोली नव्हती. भिंत नाही, बोट नाही, माणूस नाही. कानाच्या आत कोणीतरी रबर ताणतंय, आणि ते रबर कुठेच नाही.

इथे मला 2014 चा आरोप नीट कळला आणि त्याचवेळी तो कुठे चुकतो तेही कळलं. नक्कल म्हणायला अस्सल असावं लागतं. या आवाजांमागे अस्सल फुगाच नाही. अल्बममधलं आठवं गाणं 'इमटिरियल', म्हणजे जड पदार्थ नसलेलं, आणि त्याच्या नावात मॅडोनाच्या जुन्या गाण्याला मारलेली कोपरखळी आहे. ते नाव घोषणा म्हणून दिलंय असं मी समजत होते. आज वाटलं की ते बनवण्याच्या कृतीचं निव्वळ वर्णनही आहे.

संध्याकाळी घरी साबुदाण्याची खिचडी. आई म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी फुगे कसले फोडतेस?" फोडले नव्हते. घासले होते.

9 जुलै

आवाजांसाठी मराठी शब्द जमवणं चालू आहे. याबाबतीत आपण श्रीमंत आहोत. इंग्रजी परीक्षणकाराला 'लोखंडी', 'रबरी' असं म्हणून पुढे उपमा शोधावी लागते. आपल्याकडे पत्रा थडथडतो, पिंप घुमतं, फुगा करकरतो, सोडा फसफसतो, भांडं खणखणतं. 'फेसशॉपिंग' ऐकत ऐकत नुसती क्रियापदं लिहीत गेले तर पान भरलं.

'फेसशॉपिंग' हे तिसरं गाणं. चेहरा म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग, आणि तोच दुकानाचा खरा मालही, असं ते म्हणतं. मधेच ठोके थांबतात आणि एका मोठ्या पॉप गाण्यातला असावा असा भरजरी, रडवा तुकडा येतो. काही सेकंद. मग पुन्हा पत्रे कोसळतात. आवाज कॅनडाच्या सेसील बिलीव्ह यांचा. अल्बमभर त्यांचा आवाज आहे आणि परीक्षणांत त्यांना मिळालेली जागा पाहिली तर वाईट वाटतं. 'इज इट कोल्ड इन द वॉटर?' मध्ये ठोका अजिबात नाही, नुसती लाटांसारखी चढती सिंथ आणि वर तो आवाज. ते गाणं त्यांच्याशिवाय उभंच राहत नाही.

मुद्दा असा की समीक्षकांनी चेहऱ्यावरून अल्बम वाचला म्हणून मी त्यांना झोडपायला निघाले होते, आणि अल्बमच सांगतोय की चेहरा हाच माल आहे, वाचा खुशाल. माझा कणा जरा वाकला. मोडला नाही.

13 जुलै, रविवार

सर्वनाम.

आठवडाभर टाळत होते. लेखाची पहिली 400 शब्दांची खेप लिहिली आणि अडले. 2018 च्या परीक्षणांत सोफी 'ती' आहे. पण 2021 मध्ये मृत्यूनंतर प्रतिनिधींकडून माध्यमांना कळवलं गेलं की कोणतंही सर्वनाम नको अशी सोफीची पसंती होती. ना तो, ना ती, ना इंग्रजीतलं ते बहुवचनी 'दे'. नुसतं नाव. त्यानंतरचे चांगले मृत्युलेख वाचले तर प्रत्येक वाक्यात नाव परत परत येतं.

इंग्रजीत तेवढ्याने भागतं. मराठीत सर्वनाम काढलं तरी क्रियापद चहाडी करतं. सोफी आला, सोफी आली. बोलला, बोलली. राहतो, राहते. मला वाटलं, संपलं, हे होणार नाही.

मग वही घेऊन बसले आणि शाळेतलं व्याकरण आठवत गेले. सोफीने गाणं केलं. इथे क्रियापद गाण्याचं ऐकतं, सोफीचं नाही! सोफीने चाल बांधली : चालीचं. सोफीने ठोका लावला : ठोक्याचा. सोफीला वाटलं. सोफीचा जन्म झाला. सोफीकडून कळलं. म्हणजे भूतकाळात सोफीने जे जे काही केलं ते सगळं लिंग न सांगता लिहिता येतं. अडचण फक्त येण्याजाण्याची, बोलण्याची, असण्यानसण्याची. काम केलेलं चालतं, नुसतं असणं चालत नाही. एका निर्मात्याबद्दल लिहिताना ही सोय बरीच मोठी आहे.

आणखी एक फट सापडली. 'करत असे', 'दाखवत नसे'. हा जुना रीतिभूतकाळ लिंग सांगत नाही. वर 22 जूनच्या नोंदीत मी नकळत 'तोंड दाखवत नसे' लिहून गेलेय, आत्ता मागे जाऊन पाहिलं. पण फार वापरला की बखर होते. 'सोफी रात्रंदिन लहरी घडवी आणि आवाज उभे करी.' पेशवाईतलं सिंथ.

संपादकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं मग आदरार्थी घे ना. सोफी यांनी." खरंय, 'यांनी', 'त्यांनी', 'त्यांचा' सगळ्यांना सारखंच. पण 'सोफी यांनी' म्हटलं की शाल-श्रीफळ देऊन सत्कार चाललाय असं वाटतं. आणि 'आले' की 'आल्या' हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय आपल्याकडे लता एकेरी, आशा एकेरी, मॅडोना तर एकेरीच, आणि त्यात कोणी अनादर पाहत नाही. जवळच्याला एकेरीच म्हणतात. सोफीला अहो-जाहो करून लांब बसवायचं नाही.

ठरलेला नियम : 'ने' आणि 'ला' वर लेख चालवायचा. 'तो' आणि 'ती' फक्त समीक्षकांनी काय म्हटलं ते सांगताना.

पहिल्या 400 शब्दांचं पुनर्लेखन, रात्री सव्वाबारापर्यंत.

16 जुलै

संपादकबाईंचा फोन आला. "इथलं काहीतरी घाल ना, वाचकाला धागा मिळतो."

इथलं आहे. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने रोलँडच्या तीन यंत्रांवर, ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. कोणी फारसं विचारलं नाही. 2010 मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली आणि परदेशी समीक्षकांना धक्काच बसला, कारण शिकागोतल्या ज्या नृत्यसंगीताला पुढे ॲसिड हाउस म्हणू लागले त्याच्यासारखंच ते ऐकू येत होतं, आणि पाच वर्षं आधीचं. सिंग यांचं 2015 मध्ये मुंबईत निधन झालं, पण त्याआधी त्यांनी परदेशी मंचांवर ते राग पुन्हा वाजवले.

सुंदर गोष्ट आहे. पण ती पदार्पणाची नाही, पॉपचीही नाही, आणि सोफीशी तिचा काडीचा संबंध नाही. दोघांना जोडायचं तर मला 'असंच काहीसं आपल्याकडेही' हे वाक्य लिहावं लागेल, आणि ते वाक्य मी आयुष्यात लिहिणार नाही. बाईंना सांगितलं, पुढच्या वर्षी त्यावर स्वतंत्र देते. त्या म्हणाल्या, "लिहून ठेवते हं." ठेवली असणार.

20 जुलै, रविवार

तिसरा ढीग. छोटा आणि जड.

30 जानेवारी 2021, अथेन्स. पौर्णिमेचा चंद्र पाहायला वर चढताना पाय घसरून पडल्याने मृत्यू. वय 34. यानंतर 2018 च्या अल्बमवर जे काही लिहिलं गेलं त्यात त्या रात्रीची सावली आहे आणि तिला इलाज नाही. 'इट्स ओके टु क्राय' हे नाव आता वेगळंच वाचलं जातं. 'पदार्पण' या शब्दाचंही तसंच. जिवंतपणी पूर्ण झालेला तो एकच अल्बम. दुसरा, नुसतं 'सोफी' नावाचा, भाऊ बेनी लाँग याने पुरा करून सप्टेंबर 2024 मध्ये काढला. सोळा गाणी. त्याचं स्वागत पहिल्यासारखं एकमुखी झालं नाही. मला स्वतःला तो घर आवरून ठेवल्यासारखा वाटतो. पहिल्यात पसारा होता.

पिवळा आकडा आता वापरला : ऑक्टोबर 2021 मध्ये पिचफोर्कने आपलेच काही जुने गुण बदलले असते तर काय दिले असते, अशी यादी छापली. त्यात 'व्रूम व्रूम'. 4.5 चे 7.8. ना गाणं बदललं, ना ठोका. पाच वर्षांत कान बदलले. किंवा इतरांनी बदलून आणले, कारण तोवर हा आवाज हायपरपॉप या नावाखाली पोरासोरांच्या संगणकांवर पोचला होता.

जाहीरपणे पाटी पुसणारे विरळा. त्याबद्दल त्यांना माझ्याकडून एक गुण जास्त. माझी 2014 ची 'पॅकिंग'ची ओळ लेखात घातली, दुसऱ्याच परिच्छेदात.

30 जुलै

पाठवला. 2140 शब्द. 140 ची बोलणी खाईन.

24 ऑगस्ट, रविवार

मुद्रितं आली. उघडली आणि थेट फोन लावला.

मुद्रितशोधकाने माझा लेख दुरुस्त केला आहे. मनापासून, मेहनतीने, एकही वाक्य न सोडता. जिथे जिथे 'सोफीने' दोनदा आलं तिथे दुसऱ्याचं 'तिने'. 'सोफीचं' चं 'तिचं'. दोन ठिकाणी 'गायिका सोफी'. एका ठिकाणी 'या गुणी गायिकेने'. 2014 च्या परिच्छेदात, जिथे समीक्षक 'तो' म्हणतात असं मी लिहिलंय, तिथे ते 'तो' सुद्धा 'ती' केलंय, त्यामुळे अख्ख्या परिच्छेदाला अर्थच उरलेला नाही. समीक्षकांनी सुरुवातीपासून बरोबर ओळखलं होतं असं आता छापून येईल.

बाई म्हणाल्या, "त्याची काय चूक? वाक्यागणिक सोफी, सोफी, सोफी. मला वाटलं तू जप लावलायस."

"लेखात नियम सांगितलाय मी, तिसऱ्या परिच्छेदात."

"तो त्याने जागेसाठी कापलाय."

140 शब्द!

बराच वेळ बोललो. बाईंची हरकत खोटी नाही. मराठी वाचकाला नाव परत परत आलं की खडा लागतो. शेवटी तोडगा : नियमाचा परिच्छेद परत येणार, पण चार ओळींत. त्या बदल्यात वेंडी कार्लोस पूर्ण बाहेर. 'तो' परत 'तो'. 'गुणी' जाणार. आणि नावांच्या पुनरुक्तीला मी स्वतः कात्री लावायची, सर्वनाम न वापरता.

2 सप्टेंबर

गौरी-गणपती विसर्जन. खाली रस्त्यावर डीजेची भिंत उभी आहे, खिडकीची काच थडथडतेय. अशा आवाजात 'पोनीबॉय'वरचा परिच्छेद तपासला आणि तो पुरेसा जोरकस वाटेना. एक विशेषण काढलं, एक क्रियापद वाढवलं.

पुनरुक्ती कमी करताना लक्षात आलं की नाव निम्म्या ठिकाणी नकोच होतं. 'सोफीने मोनोमशीनवर बुडबुडा बांधला' ऐवजी 'मोनोमशीनवर बुडबुडा बांधला गेला' नको, ते सरकारी होतं. 'बुडबुडा मोनोमशीनवरचा' एवढंच पुरतं. वस्तूला पुढे केलं की माणूस आपोआप मागे उभा राहतो, पूर्वी अंगरक्षकाच्या वेशात राहत असे तसा.

एकच वाक्य उरलं. मुद्रितात ते असं आहे : '2017 च्या व्हिडिओत सोफी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आली.' हे मुद्रितशोधकाचं नाही, माझंच आहे. 13 जुलैच्या नियमातून माझ्याच हातून निसटलेलं. बाईंनी समासात लिहिलंय, 'हे चालतं ना?' चालतं, एका अर्थी. त्या व्हिडिओपासून तर जगाने 'ती' म्हणायला सुरुवात केली. तासभर तसंच ठेवलं. मिरवणूक कोपऱ्यावरून वळली, काच शांत झाली.

मग बदललं : '2017 च्या व्हिडिओत सोफीचा चेहरा पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आला.'

'आला' चेहऱ्याचं आहे. बाईंना तेवढं एक पान परत पाठवलं. अकरा वाजता उत्तर : 'ठीक. उद्या छपाईला. चरणजित सिंगांचं विसरू नकोस.'